कोंबड्यांना जागा आहे

ओहायोतल्या आमच्या नगरपालिकेत बांधकाम परवान्याच्या खिडकीपुढे एक म्हातारी आणि तिचा लेक असे ठाण मांडून होते, की मागे रांगेत उभं राहून माझे पाय मोडून आले. लेक खिडकीतल्या बाईंना विचारत होता,

"बाई, हे पाचवं घर बघतोय. इथे तरी परसात कोंबड्या चालतील ना?"

"चालतील. फक्त कोंबडा नको, आरवतो."

"ऐकलंस आई? सुटलो एकदाचे!"

"थांब कर्टिस. माझ्या घराचं विचार."

"खुराड्याशेजारी आईसाठी लहानसं घर बांधायचंय. चूल वेगळी."

"ते नाही जमणार. एका जागेवर एकच घर."

"म्हणजे कोंबड्यांना जागा आहे आणि मला नाही?"

"आई, आमच्यातच राहा की."

"तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात? एकमेकींना टोचून मारू. अहो बाई, खुराडं केवढं चालतं?"

"दहा फूट बाय बारा."

"खिडकी?"

"चालेल."

"दिवा?"

"थंडीत लागतोच."

"आरामखुर्ची?"

"आजी, खुराड्यात माणसानं राहायचं नसतं."

"राहतंय कोण? मी अंडी गोळा करायला जाईन. सून झोपेपर्यंत करीन गोळा."