भट्टीमागची हाक

बाळांनो, पुढे या. असे सतरंजीवर माझ्यासमोर बसा. आता सगळ्यांनी डोळे मिटा. मंडळी, तुम्हीसुद्धा — मोठ्यांना सूट नाही! मिटले? आता मनात आणा: काल तुम्ही अंथरुणावर पडलात. जागे होतात. मग झोप लागली. ती नेमकी कोणत्या क्षणी लागली? "ही आली बघा झोप, ही आत शिरली" — असं पाहिलंय कुणी?

नाही ना! उघडा डोळे. उघडा म्हणतोय — ते खांबाजवळचे काका, तुम्हीही. हलवा जरा त्यांना. बघा, काय म्हणाले? "जागाच आहे महाराज, ऐकतोय." खोटं बोलले का ते? नाही हो! त्यांना खरंच वाटतंय की आपण जागे होतो. डुलकी अशी चोरपावलांनी येऊन जाते की घरधन्याला पत्ता लागत नाही. आणि मधलं जे निसटलं, ते मन आपल्या पदरचं घालून भरून काढतं.

मग आजचा प्रश्न ऐका. जाणूनबुजून खोटं बोललं तर दोष, हे शेंबडं पोरही सांगेल. पण खोटं आहे हे ठाऊकच नसताना तोंडून खोटं निघालं — तर दोष कुणाचा? आणि किती?

बालाघाटाच्या डोंगरात एक वाडी. दारोदार म्हशी आणि खव्याच्या भट्ट्या. तिथे देवीच्या यात्रेची एक रीत होती. सगळ्या घरांचं दूध एकाच कढईत ओतायचं, त्याचा खवा आटवायचा, आणि त्या खव्याचे पेढे देवीला. भट्टी लिंबराजाची. कढई आत खोलीत. भट्टीचं तोंड मात्र भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, दुधाला धूर लागू नये म्हणून. बाहेर बसून जाळ घालायची केवळबाई. साठी उलटलेली, घरात एकटी. वर्षभर तिला कोण विचारतंय? पण यात्रेचा जाळ तिचाच! त्या एका दिवशी बाई नवं लुगडं नेसून लाकडं सारायची.

आत दूध ढवळायला लिंबराजाची पोर मैना. पाचवीतली. हात कसा, तर वल्ह्यासारखा. तुम्हाला सांगायला नको, खव्याला हात थांबून चालत नाही. थांबला, की तळाला लागलाच.

दुपारची वेळ. लिंबराज देवळात, आई पुरण वाटायला. खोलीत ऊब, दुधाचा रटरट आवाज, आणि एकटी पोर चौरंगावर.

पुढचं वाडीला वासानेच कळलं. करपलेला, कडू वास. लिंबराज धावत आला, तर केवळबाई भिंतीला वळसा घालून आधीच आत पोचलेली, कढईत उलथणं घालून खरवडतेय. उपयोग काय? साऱ्या वाडीचं दूध गेलं.

लिंबराजाने पोरीला विचारलं, "मैने, हात थांबला होता?"

"नाही बाबा. मी ढवळत होते."

आणि मंडळी, ती खोटं बोलत नव्हती! रोज ढवळणारा हात. मनाने आजही तो फिरवून दाखवला. केवळबाईने सांगितलं की वास येताच तिने बाहेरून हाका मारल्या, ओ आली नाही म्हणून ती पळत आत आली; पण तिच्या पावलांनीच पोर जागी झालेली, म्हणून झोप तिलाही दिसली नव्हती. मैना म्हणाली, मला कुणी हाक मारलीच नाही. लोक जमले होते. सगळे बघत होते. पोर घाबरली, आणि वर एक वाक्य बोलून गेली —

"जाळ जास्त झाला असेल. मावशीच पेंगत असेल."

झालं! म्हातारं माणूस, उन्हाची वेळ — लोकांना लगेच पटलं. लिंबराज वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज चढवला नाही. मावशी, आता वय झालं तुमचं, पुढच्या यात्रेपासून जाळाला दुसरं कुणी बघू, एवढंच म्हणाला. केवळबाई भांडली असती तर बरं झालं असतं हो. तिने पदराने हाताची राख पुसली आणि निघून गेली.

दिवस कलला. आई कढईची खरवड काढत होती. तुम्हा पोरांना आवडते ना खरवड? त्यातला कमी करपलेला तुकडा साखर लावून मैनेला दिला. पोर चघळत सांगायला लागली, "आई, आज आजी दिसली. कढईपाशी उभी होती. म्हणाली, ढवळ गं बाई, लागतंय."

आता आजीला जाऊन दोन वर्षं झालेली. आईचा हात थांबला. "कधी दिसली?"

"दुपारी."

बोलली, आणि तुकडा तोंडातच राहिला. जागेपणी मेलेली आजी दिसत नाही. आणि ढवळ गं बाई — अशी आजी कधी बोलायचीच नाही. ती मैनेला 'छबे' म्हणायची. मैनेला 'गं बाई' म्हणणारं वाडीत एकच माणूस होतं, केवळबाई. भिंतीबाहेरची हाक कानात शिरली होती. झोपेने तिला आजीचं लुगडं नेसवलं होतं!

आईलाही कळलं. ती हळूच म्हणाली, "राहू दे. पोरीचं स्वप्न ते. साऱ्या गावाचं दूध होतं, बापाची मान खाली जाईल. कुणाला सांगू नकोस."

मंडळी, उत्तर इथे आहे. दुपारी बोलली ती झोप. तिथे पोरीचा दोष नव्हता. पण आता? आता सगळं ठाऊक झालं. इथून पुढची प्रत्येक गप्प घटका तिची स्वतःची. आणि गप्प राहायला शिकवलं कुणी? आईने. मायेने. तुम्ही-आम्ही घरात काय करतो? "मी असं बोललोच नव्हतो," म्हणून छाती ठोकतो; मागाहून आठवतं, तेव्हा विषय बदलतो. पोर खरं सांगायला येतं, तर आपण त्याच्या हातावर साखर ठेवतो. माना खाली का घातल्यात? माझीही खालीच आहे.

संध्याकाळी देवळात शेजारच्या गावाहून आणलेल्या खव्याचे पेढे आले. ज्याने ढवळलं त्यानेच ताट न्यायचं, ही रीत. ताट मैनेच्या हातात. केवळबाई मागे, पायरीच्या कडेला बसलेली. पोर चालता चालता तिच्यापाशी थांबली. कान लाल, मान छातीत.

"मावशी, तुझी हाक मला ऐकू आली होती. मी झोपले होते."

इतक्या हळू, की शेजारच्या बाईलाही कळलं नसतं. लिंबराज गाभाऱ्याजवळून म्हणाला, "काय म्हणालीस, मैने? चल, आरती खोळंबली." आईने मान हलवून खुणावलं — चल.

बाळांनो, ती गेली नाही. तिने ताट पायरीवर ठेवलं, सगळ्या वाडीकडे तोंड केलं, आणि तेच पुन्हा म्हणाली. मोठ्याने.