वाकुईबाईंच्या गाडीतला आवाज

...आणि वर मिठाईचा डबा! नाही, म्हणजे मला एक सांगा, माणसाला हरवलं तर हरवलं, ठीक आहे, होतं असं, पण हरवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन, कमरेत वाकून, "नेझुसान, काल माझ्याकडून आगाऊपणा झाला हो, हे घ्या, थोडंसं गोड आहे," असं म्हणत मोचीचा डबा हातात ठेवायचा? आणि मोची तरी कुठली, तर तांदळाच्या मऊ गोळ्यात लाल चवळीचं पुरण भरलेली, नेमकी माझ्या आवडीची! आता नाही खाल्ली तर मी खुनशी, आणि खाल्ली तर घशाखाली उतरत नाही. पाच खाल्ल्या. पण एक सांगून ठेवतो, मी जळत नाही हं कुणावर! तो माझा स्वभावच नाही.

माझा स्वभाव काय आहे ते विचारा इथे आशिकागात कुणालाही. बावीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचतोय, लोकांच्या अंगणात वाकून वाकून पाठीचं धनुष्य झालंय, पण कुणाबद्दल वाकडा शब्द नाही. कचेरीत माझ्यामागून आलेले तिघे माझे साहेब झाले, बोललो काही? घरात म्हणाल तर आधी सासूबाई, मग सुमिए, म्हणजे आमचं कुटुंब, मग मांजर, आणि मांजराचं पोट भरलं की मग मी. बोललो? नाही बोललो. कारण तुम्हाला सांगतो, अख्ख्या जगात एक जागा अशी होती जिथे माझं नाव पहिलं होतं. नुमाओकाकांच्या गॅरेजातला फळा.

नुमाओकाका म्हणजे आमचे मेकॅनिक, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही त्यांची सगळी गिऱ्हाइकं डोंगरामागच्या छोट्या सर्किटवर जातो, आपापली जुनी गाडी जिवाच्या आकांतानं पळवतो, घड्याळ लावून वेळ घेतो, आणि संध्याकाळी काका गॅरेजातल्या पांढऱ्या फळ्यावर लोहचुंबकाच्या पट्ट्या सरकवतात. पट्टीवर नाव, नावापुढे त्या रविवारची वेळ. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा रकाना वेगळा, पुढच्या चाकांवर चालणाऱ्यांचा वेगळा. आणि पुढच्या चाकांच्या रकान्यात सहा वर्षं, सहा वर्षं हो, पहिल्या ओळीत कोण? नेझु तामोत्सु! पंचेचाळीस सेकंद आणि आठ दशांश! मीटर वाचायला जाताना मी मुद्दाम गॅरेजावरून वळसा घालून जायचो. नुसता बघायचो आणि जायचो. तेवढ्यावर दिवस निघायचा.

आणि एप्रिलात वाकुईबाई आल्या.

आता या वाकुईबाई कोण, तर आमच्या गल्लीच्या टोकाला जी बालवाडी आहे ना, तिथल्या बाई. वय पन्नास. गाडी माझीच, म्हणजे अगदी तेच मॉडेल, तेच साल, फक्त माझी निळी आणि त्यांची पांढरी. माझ्या गाडीतून मी मागची सीट काढली, गालिचा काढला, रेडिओ काढला, वजन कमी व्हावं म्हणून सुमिएची छत्रीसुद्धा काढली, आणि त्यांच्या गाडीत? मागे उश्या! आरशाला पोरांनी कागदाचे केलेले बगळे! डिकीत गोष्टींची पुस्तकं! आणि ती फिरती बालवाडी पहिल्याच दिवशी पंचेचाळीस सेकंद आणि तीन दशांश! काकांनी माझी पट्टी एक बोट खाली सरकवली. एक बोटच. पण सहा वर्षांत पहिल्यांदाच! जळतो असं नाही हं... पण उश्या हो, उश्या!

मी हसत हसत गेलो त्यांच्याकडे. म्हटलं, "बाई, कमाल केलीत! गाडीला काय केलंत?" तर दोन्ही हात हलवत म्हणतात, "अहो कुठलं काय! काही नाही केलं. खरंच, काहीसुद्धा नाही!"

झालं! आता आमच्याकडे कुणी 'काही नाही' म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझी मावशी "आज जेवायला काहीसुद्धा केलं नाही हो" म्हणाली की टेबलावर नऊ पदार्थ असतात. साहेबांचा मुलगा "अभ्यास काहीच झाला नाही" म्हणाला आणि तोक्योच्या विद्यापीठात गेला. 'काही नाही' म्हणजे काहीतरी आहेच, आणि 'काहीसुद्धा नाही' म्हणजे फारच मोठं काहीतरी आहे! आणि मी असा विचार करतोय तोवर बाई गाडीत बसल्या, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, हळूच पार्किंगमधून निघाल्या, आणि मी ऐकलं... कट्ट, कट्ट, कट्ट, कट्ट!

अंगावर काटा आला माझ्या! तुम्हाला नाही कळायचं. हा आवाज आमच्यातल्या माणसाला झोपेतही ओळखू येतो. हा लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा आवाज! थांबा, घाबरू नका, सोपं आहे. पुढची दोन चाकं. गाडी जोरात वळली की आतल्या बाजूचं चाक हलकं पडतं, रस्ता सोडायला बघतं. आणि साधं डिफरन्शियल असं खुळं, की इंजिनाची सगळी ताकद नेमकी त्या रिकामटेकड्या चाकाला देतं! ते बसतं जागच्या जागी भिरभिरत, आणि बाहेरचं चाक, ज्याच्यावर सगळा भार, ते उपाशी! थेट आमची कचेरी! मग हे लिमिटेड स्लिप बसवायचं. त्याच्या पोटात चकत्या असतात, त्या दोन्ही चाकांना बांधून ठेवतात, म्हणतात, तू काम करणारा ना, घे तुझा वाटा. गाडी वळणातून ओढून निघते. फक्त सावकाश वळताना त्या चकत्या कुरकुरतात... कट्ट, कट्ट, कट्ट! आणि तो आवाज म्हणजे आमच्यात दागिना. सहा वर्षं मला तो हवा होता आणि सहा वर्षं मी मन मारलं, आणि या बाईंनी बगळे टांगलेल्या गाडीत तो गुपचूप घालून घेतला?

काकांना सरळ विचारायचं ना, म्हणाल. कसं विचारणार? विचारलं की वाटणार, नेझु जळतोय! म्हणून मी आपला दुसऱ्याच दिवशी सहज गेल्यासारखा गेलो आणि म्हटलं, "काका, लिमिटेड स्लिप बसवायचं. सगळ्यात घट्ट."

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "पुढच्या चाकांच्या गाडीला घट्ट नको रे, तामोत्सु. हातातून स्टिअरिंग ओढून नेईल. मऊच ठेवू."

"घट्ट!"

"अरे पण कशासाठी? एवढी चांगली पळते गाडी."

"घट्ट म्हणजे घट्ट, काका! जितकं आवळता येईल तितकं आवळा!"

घरी सांगितलं, गाडीची सरकारी तपासणी आलीय, पैसे लागतील. गाडी पाळणारा प्रत्येक नवरा हेच सांगतो, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. सुमिए भाजी चिरता चिरता म्हणाली, "तपासणी दोन वर्षांनी असते. गेल्या वर्षी झाली." एवढंच. आणि हाकोनेला गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचं जे ठरलं होतं, त्याची रंगीत पुस्तिका तिने मांजराच्या ताटलीखाली अंथरली.

बसवलं! मग त्या चकत्या मुरवायच्या असतात. म्हणजे मोकळ्या जागेत सावकाश आठचा आकडा काढत फिरायचं, तासन्‌तास. मी पहाटे पाचला नदीकाठच्या मैदानात गेलो. कट्ट, कट्ट, कट्ट. सहाला म्हातारी मंडळी आली रेडिओ लावून कवायत करायला. एक, दोन, तीन, चार, हात वर, आणि मध्ये मी. कट्ट, कट्ट. त्यांची मोजणी चुकायला लागली. साडेसहाला सायकलवरून हवालदार आला, टोपी काढली, अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, काही हरवलंय का आपलं? दीड तास शोधताय असं कळलं." मी म्हटलं, "नाही नाही, काही नाही." तर तो त्या म्हाताऱ्यांना घेऊन शोधायलाच लागला हो! त्यांनाही 'काही नाही' खरं वाटेना.

मग गल्लीत वही फिरली. आमच्या गल्लीत सूचनांची वही असते, प्रत्येक घराने वाचायची, शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. त्यात कचरा टाकायच्या वारांच्या खाली लिहिलेलं, 'अलीकडे एक वाहन आत-बाहेर करताना हाडं मोडल्यासारखा आवाज येतो. सर्वांनी आपापलं वाहन तपासून घ्यावं ही विनंती.' सर्वांनी! नाव कुणाचंच नाही! आणि सगळ्यांचे शिक्के मारून झालेले, शेवटचा चौकोन तेवढा माझा रिकामा. मारला मी शिक्का. मारावाच लागतो. पण मनात म्हटलं, हसा, जूनच्या दुसऱ्या रविवारी बघू.

जूनचा दुसरा रविवार! पहिलं वळण आलं, मी पाय दाबला, आणि तुम्हाला सांगतो, स्टिअरिंग माझ्या हातातून असं हिसकलं, असं हिसकलं की वीस वर्षांच्या संसारात सुमिएने पांघरूण ओढलं नसेल तसं! मी म्हणतो डावीकडे, गाडी म्हणते सरळ! दोन्ही चाकं बांधलेली ना, दोन्ही मिळून हटून बसली! मी घामाघूम, दंड भरून आलेले, टायर रडतायत... सत्तेचाळीस सेकंद आणि दोन दशांश. माझ्याच जुन्या वेळेपेक्षा जवळजवळ दीड सेकंद जास्त! आणि बाई? पंचेचाळीसच्याही आत! मी खाली मान घालून पार्किंगमध्ये वळवली गाडी, कट्ट, कट्ट, कट्ट, तर समोरून बाई धावत आल्या, चेहरा काळजीनं एवढासा झालेला.

"अय्या, नेझुसान, तुमची पण वाजते? माझी अगदी अश्शीच वाजायची हो! नुमाओकाका म्हणाले, चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा झिजलाय, बाई, असंच चालवलं असतं तर भर रस्त्यात मोडला असता! बदलला बाई मी. ताबडतोब दाखवून घ्या, धोका असतो!"

सांधा झिजलाय.

म्हणजे... ऐकताय ना? लिमिटेड स्लिप नव्हतंच! 'काही नाही' म्हणजे खरोखरच काही नाही होतं! अख्ख्या आशिकागात 'काही नाही' म्हणून खरंच काही न केलेली एकमेव बाई, आणि ती माझ्या वाट्याला यावी? मी विचारलं, "मग वळणात तुमचं आतलं चाक भिरभिरत नाही?" तर त्या म्हणतात, "भिरभिरेल कसं? गाडी सरळ झाल्याशिवाय मी पायच दाबत नाही. मुलं रांगेत उभी राहिल्याशिवाय आपण दार उघडतो का?"

मी म्हटलं, "हो हो, दाखवतो हं सांधा." काकांनी संध्याकाळी माझी पट्टी सरकवली. एक बोट नाही, चांगली वीतभर. चौथा. माझ्यावर तिसरा कोण, तर तोफूवाला, त्याची गाडी डिलिव्हरीची! तेव्हाही जळलो नाही हं मी. नुसता फळ्याकडे पाठ करून चहा प्यायलो.

काढून टाकलं ते डिफरन्शियल. काकांना म्हटलं, "कुणाला तरी द्या विकून, माझं नाव सांगू नका." आठवड्याने काकांचा फोन, "गिऱ्हाईक मिळालं. शनिवारी बसवतोय. मला हल्ली खालचं नीट दिसत नाही, तू ये टॉर्च धरायला." गेलो. शटर वर केलं. लिफ्टवर पांढरी गाडी. आणि खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बाई!

"काय आहे नेझुसान," बाई म्हणाल्या, "सांधा बदलल्यापासून गाडी अगदी मुकी झाली हो. आधी मी फाटकातून वळले की मुलं आवाज ऐकूनच ओरडायची, बाई आल्या, बाई आल्या! आता कुणाला कळतच नाही मी आले ते. काकांना म्हटलं, तो आवाज परत नाही का मिळणार? तर ते म्हणाले, मिळेल की!"

आवाजासाठी! पोरांना कळावं म्हणून! सहा वर्षं मी ज्याची स्वप्नं बघितली ते या बाई बालवाडीची घंटा म्हणून लावून घेत होत्या, आणि मी गाडीखाली मान वर करून टॉर्च धरली होती! काकांनी चकत्या मऊ लावल्या. माझ्या वेळी जे सांगत होते, तेच. मध्येच म्हणाले, "तामोत्सु, उजेड का हलतोय रे?" म्हटलं, हाताला मुंग्या आल्या. बरं, जळलो. जळलो मी! टॉर्चची गरजच नव्हती, एवढा जळत होतो!

ऑगस्टात बाईंनी त्रेचाळीस सेकंद आणि नऊ दशांश मारले. या सर्किटवर आमच्या कुणाच्याच गाडीने मारले नव्हते, मागच्या चाकांवरच्यांनीसुद्धा नाही. गॅरेजात सगळे जमले, टाळ्या वाजल्या, आणि बाई कमरेत वाकून सगळ्यांसमोर काय म्हणाव्यात? "हे माझं काहीच नाही हो! सगळं श्रेय नेझुसानचं. त्यातलं डिफरन्शियल त्यांचं आहे!" नाव सांगू नका म्हटलं होतं, पण काकांच्या पोटात काही राहील तर शपथ. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांना गहिवरून आलं. त्यांनी पेन घेतलं, आणि पहिल्या ओळीत, वाकुईबाईंच्या नावापुढे, बारीक अक्षरात लिहिलं... 'सुटा भाग: नेझु.'

तेव्हा माझं नाव आता पुन्हा पहिल्या ओळीत आहे. लांबून वाचता येत नाही. पण मीटर वाचायचा चष्मा लावून अगदी जवळ गेलं, की दिसतं.