एका क्वेसारचे दोन ठिपके

पुतणी: काका, जरा थांबा. दुर्बीण थरथरते असं तुम्ही आज बैठकीत सांगितलंत, तर सूक्ष्म निरीक्षणं कायमची बंद करतील.

काका: करू देत. अवकाशात ती दुर्बीण स्थिर ठेवणं ही माझी जबाबदारी. तुझा तो दूरचा तेजस्वी क्वेसार एक असायला हवा, दिसतात दोन. तुझ्या लग्नात फोटोग्राफरचा हात हलला, तर तुझ्या सासऱ्यांना दोन नाकं आली होती. आठवतं?

पुतणी: तेव्हा सगळ्यांनाच दोन नाकं आली होती, तुम्हालासुद्धा. इथे आजूबाजूचे तारे बघा. प्रत्येक तारा एकच दिसतोय.

काका: हं. मग आतल्या आरशातलं परावर्तन असेल. तेही माझ्याच माथी. मी अंग काढून घेणाऱ्यांतला नाही, पोरी.

पुतणी: म्हणूनच दुर्बीण थोडी गोल वळवून तोच भाग पुन्हा टिपायला लावलाय. दोष आरशाचा असेल, तर जादा ठिपकाही दुर्बिणीबरोबर वळेल.

काका: हे मला विचारून करायचं असतं.

पुतणी: विचारलं होतं. जेवता जेवता ‘कर काय ते’ म्हणालात.

(नवे छायाचित्र पडद्यावर उघडते.)

काका: घाई नको. शेजारच्या ताऱ्यापासून मोज.

पुतणी: मोजलं. ठिपका जागच्या जागी आहे.

काका: दुसऱ्या ताऱ्यापासून मोज.

पुतणी: तसूभरही सरकलेला नाही, काका.

काका: म्हणजे आकाशातच दोन आहेत.

पुतणी: क्वेसार एकच. दोन्ही ठिपक्यांचा वर्णपट हुबेहूब सारखा आहे. आणि मधला हा पुसट डाग म्हणजे दीर्घिका. तिच्या गुरुत्वाकर्षणानं मागचा प्रकाश दोन वाटांनी वळून आपल्याकडे येतो.

काका: आणि मी इतके दिवस आपल्याच यंत्राला बोल लावत बसलो.

पुतणी: त्या दोन वाटा सारख्या लांबीच्या नाहीत. वरचा ठिपका परवा एकदम उजळला. तोच उजाळा खालच्या ठिपक्यात यायला अंदाजे वर्ष लागेल. तो पकडता आला, तर विश्वाची अंतरं मोजायला मदत होईल.

काका: तोवर मी निवृत्त होईन.

पुतणी: दुर्बीण नाही होणार. आता नाही.

काका: तू पुढे हो. त्यांना सांग, दुर्बीण स्थिर आहे.

पुतणी: आणि तुम्ही?

काका: येतो. मला जरा बघू दे.