जावईबापूंचं लिनक्स

तुम्हाला सांगतो, शेठच्या जावयाला त्याचं चुकतंय असं कुणी सांगायचं नसतं. आमच्या पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये जावई आले, पुण्याचे इंजिनीअर. आल्या आल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं जुनं विंडोज पुसून त्यांनी लिनक्स टाकलं आणि वायफाय गायब! बाहेर कंटेनर भरून उभा, कागद मेल केल्याशिवाय हलणार नाही.

"वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, यात नाहीये," जावई म्हणाले. "नेटवरून घ्यावा लागेल."

"मग घ्या की," शेठ म्हणाले.

"पण नेट कुठंय?"

दोन चहा झाले. मी हळूच म्हणालो, "दाजी, माझा फोन वायरनं जोडला तर त्याचं नेट मिळेल."

"किती शिकलास?"

"नववीपर्यंत."

"मग गप बस."

तिसऱ्या चहानंतर त्यांनीच हात पुढे केला, "आण तो फोन." नेट आलं, कागद गेले, कंटेनर हलला. जावई चौथ्या चहाला बसले, ड्रायव्हर टाकायचा तसाच राहिला.

शेठ मला म्हणाले, "बघ, याला म्हणतात शिक्षण!"

मी मान हलवली. सुट्टी झाली होती, म्हणून फोन काढून खिशात घातला आणि निघालो. गेटपाशी पोचतो तोच आतून शेठ ओरडले, "अहो जावईबापू, नेट परत गेलं हो!"