कवळीचं मशीन

(हॉलमधलं टेबल. त्यावर अर्धी जोडलेली प्लास्टिकची बोट. सासरे जहाजावरचे निवृत्त फिटर, सून दातांची डॉक्टर.)

सून: बाबा, कसला वास येतोय हा जळका?

सासरे: काही नाही गं. बोटीला खिडकी पाडतोय.

सून: खिडकी? अहो, हे तर भगदाड पडलंय!

सासरे: मशीनच भिकार. दुकानदाराला बजावलं होतं, सगळ्यांत दणकट दे म्हणून.

सून: हे लोखंड कापायचं. किती स्पीडवर लावलंत?

सासरे: फुल्ल! आमच्या इंजिनरूममध्ये अर्धवट काही नसायचं.

सून: तरीच वितळलं. थांबा, माझं कवळ्या घासायचं मशीन आणते.

सासरे: दातांचं अवजार? माझ्या बोटीला?

सून: कवळी तरी कशाची असते? प्लास्टिकचीच की! हं, धरा. पेनासारखं. स्पीड अगदी कमी. आणि आधी या टाकाऊ तुकड्यावर.

सासरे: हलकंय गं!

सून: गॉगल लावा. मास्कसुद्धा. आता दाबू नका. टेकवा, उचला. टेकवा, उचला.

सासरे: एवढे लाड?

सून: दात तापला तर पेशंट बोंब मारतो. प्लास्टिक बिचारं मुकाट्यानं वितळतं.

सासरे: पडलं भोक! बघ, कसं गोल गरगरीत!

सून: वा! आता खुशाल बोटीवर करा.

सासरे: पण या भगदाडाचं काय? रविवारी आमचा चीफ इंजिनिअर येतोय. बावीस वर्षं काढली आम्ही हिच्या पोटात. खरी बोट तर कधीच भंगारात गेली.

सून: पुट्टी भरू, वाळली की घासू. त्यांना कळणारही नाही.

सासरे: त्याला? त्याला सगळं कळतं.

सून: मग सांगा, टक्कर झाली होती.

सासरे: अगं, झालीच होती एकदा! याच बाजूला!

सून: मग प्रश्नच मिटला. आणा इकडे, मी भरते.

सासरे: हात काय साफ आहे गं तुझा! हे मशीन होतं कुठे इतके दिवस?

सून: कपाटात. दवाखाना बंद केला तेव्हापासून.

सासरे: मीच म्हणालो होतो ना, छकुली लहान आहे म्हणून?

सून: जाऊ द्या हो, बाबा.

सासरे: जाऊ कसं देऊ? सकाळी दहा ते एक छकुली माझ्याकडे. तू दवाखाना उघड.

सून: आईंना तरी विचारा आधी.

सासरे: तिनं हेच सांगितलं होतं, चार वर्षांपूर्वी. मी ऐकलं नाही.