ओट्यापुढची फक्की

मी कांताबाई. माहेर माझं पेडगावचं, लगीन होऊन मानवतला आले ती जिनिंगच्या मागच्या वस्तीतच. आमचे मालक गठाणी उचलायचे, मी कापूस निवडायची, केसात रुई घेऊनच घरी यायचं, सासू म्हणायची, तरणीच म्हातारी झाली बाई. मग जिनिंग बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, पर आमी तिथंच ऱ्हायलो, जाणार कुठं?

औंदाच्या उन्हाळ्यात नगरपालिकेचे सायेब आले. म्हणले, वस्ती गावाबाहेर माळावर हलवायची. बाया भडकल्या. मी म्हणलं, सायेब, माळावर ना पानी ना काम, हितंच नीट करून द्या की. लय वाद झाला. शेवटी ते म्हणले, बरं, तुमीच बसून आखणी करा, तुमाला झेपंल तेवढ्यात हितंच घरं देऊ, पर आगीचा बंब आत आला पायजे, न्हाई आला तर माळावर.

रिकाम्या गोदामात बैठका झाल्या. गोदामात बालवाडी अन् बायांचं पापडाचं काम, हे समद्यांला पटलं. मग गल्ली कुठवर अन् घर कुठवर, ती चुन्याची फक्की मारायची आली. ज्यानं त्यानं आपल्या दारापुढं मारायची ठरलं, तिथंच घोळ झाला. समदे शहाणे! कुणी न्हाणी आपल्या रेघेच्या आत घेतली, कुणी चूल. मी ओटा घेतला. समोर महादप्पाचं किराणा दुकान, त्यानं पुढचा पत्रा घेतला. बंब म्हणून उसाची ट्राली आणली बघायला, ती बराबर माझा ओटा अन् त्याचा पत्रा, मधी अडकली, ना पुढं ना मागं.

अप्पा म्हणला, वैनी, ओटा काढा. मी म्हणलं, पयला तुझा पत्रा काढ. अवो, तो ओटा मालकानं बांधलेला, शहाबादी फरशी डोक्यावर आणून, तिथंच बसून च्या प्यायचे. अप्पा पेटला, म्हणला, त्यांच्या छातीत कळ आली तवा ह्याच ओट्यापायी गाडी आत आली न्हाई, इसरलात का? काय सांगू तुमाला, अंगाची लाही झाली माझ्या. पर बाजेवर घालून सडकेपर्यंत नेलं तवा बाजेचा एक खूर अप्पाच्याच हातात होता. मालक सडकेवरच गेले. रडले, त्याला शिव्या घातल्या, अन् पायानंच माझी फक्की पुसली.

ओटा काढला. फरशी आत न्हाणीत टाकली. बाकीचेबी सरकले मागं, पर अप्पाचा पत्रा हाय तिथंच. आज काढतो, उद्या काढतो, माल भिजंल. सोमवारी सायेब यायलेत, समदी वस्ती त्याच्यावर दात खायलीय, दुकानात गिऱ्हाईक जाईना. मला झोप लागंना. ह्या पत्र्यापायी माळावर जायचं का आमी?

आज सकाळी त्यानं शिडी लावली. पाना हातात, दोन पायऱ्या चढला अन् उतरला, परत चढला, परत उतरला. वय झालंय त्याचंबी, शिडी हलायलीय. लोकं नुस्ती बघायलीत. मीच गेले मग. शिडी धरली, म्हणलं, चढ बाबा, मी हाय खाली.