रोज अकराला पडणारी लाईन

— नाही, तू चहा घे आधी, दिनेशभाऊ, मशीन काही पळून जात नाही. फुलसिंगच्या जागेवर बसणार ना तू? मग त्याचं काय झालं ते माझ्याकडूनच ऐक, बाहेर शहाद्यात लोक काहीबाही बोलतात. माणूस हुशार होता, नाही म्हणत नाही मी. सातपुड्यातल्या पाड्यावरचा पावरा आदिवासी, लोणखेड्याला कॉलेज केलेलं, सहा वर्षं माझ्याकडे — टॉवर चढायचा, वायर ओढायचा. पण वाचायची खोड. सर्व्हरवर लॉग असतात, कुठली लाईन कधी जोडली, कधी तुटली, सगळं आपोआप लिहिलं जातं. कोण वाचतं ते? कोणी नाही. हा वाचायचा.

त्याच्या पाड्यावर आपलं नेट रोज पडायचं. तक्रार आली की मी सांगायचो — वारा आहे, माकडं आहेत, अँटेनाला फांदी लागते. माना हलवून जायचे बिचारे. तर ह्याने तीन महिन्यांचे लॉग छापून माझ्या टेबलावर ठेवले. रोज अकराला पडते, एकला उठते, रविवारी पडतच नाही. आणि विचारतो कसं, गिऱ्हाइकांसमोर — ‘सेठ, वारा घडी देखीसन येस का?’ वारा घड्याळ बघून येतो का, म्हणे!

आता तुझ्यापासून काय लपवायचं, तुलाही तेच करायचंय. इथल्या एका क्लासची ऑनलाइन परीक्षा असते, अकरा ते एक. त्यांना कबूल केलेला स्पीड आपल्याकडे नाही. मग कुठून आणायचा? डोंगरावरून. पूर्ण तोडायची नाही लाईन, धाग्याएवढी ठेवायची — मग वाटतं, हवेनेच पडली.

त्याला मी समजावलं, नोकरी आहे, सांभाळ. एवढंच म्हणाला, आज एक दिवस चालू ठेवा. बहीण त्याची, रविना, नर्सिंगचा फॉर्म भरत होती, शेवटची तारीख, एक वाजेपर्यंत. मी म्हटलं, ठेवतो. म्हणायला काय जातं? — आणि त्याला रनाळ्याला पाठवलं, केबल बदलायला.

हो, केली कमी, रोजच्यासारखी. क्लासवाल्यांना काय सांगणार होतो, पाड्यावरची पोरगी फॉर्म भरतेय?

दुसऱ्या दिवशी पाड्यावरचे आले, रविना आली, आई रूपलीबाई आली; फुलसिंग इथे कामावरच होता. दुसरा लॉग उघडला — कोणी काय केलं त्याचा, तो फक्त माझ्याच मशीनवर दिसतो — आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. मशीन खोटं बोलत नाही ना — अकरा वाजता लाईन कमी करणारा, फुलसिंग. त्याच्याच लॉगिनवरून करायचो मी, पहिल्यापासून. कोणाच्या तरी नावाने करावंच लागतं. पोरगी शिकलेली, तिने स्वतः वाचलं. भावाकडे बघून हळूच म्हणाली, ‘दादा, तू?’ तो सांगत होता, मी रनाळ्यात होतो, रनाळ्यात होतो. आईने त्याचा हात झटकला. झालं. मायलेकी आता ऊस तोडायला गुजरातेत आहेत म्हणे, आणि तो कुठे आहे, कोणालाच माहीत नाही. पाड्यावर घेत नाहीत त्याला.

मला वाईट वाटलं की. दगड नाही मी. त्या दिवशी समोरच बसलो होतो, सगळं दिसत होतं — तिचा फोन जोडायचा, तुटायचा, परत जोडायचा. चिवट पोरगी. एकोणीस वेळा. शेवटचा प्रयत्न बारा सत्तावन्नला. मी म्हटलं, बघू तरी किती वेळा करते —

असा काय बघतोस? एक बटण दाबायला किती वेळ लागतो, हेच म्हणायचंय ना तुला? सेकंदही लागत नाही. ते मला शिकवू नकोस.

चहा तसाच ठेवलास. बरं. जायचं तर जा, माणसं खूप मिळतात. दार ओढून घे, एसी चालू आहे.